दिवसाला ७४ रुपये, महिन्याला ७ दिवस

५३, ६७, ७४ आणि ९४. येरवडा मध्यवर्ती कारागृहात राबणाऱ्या माणसाचा दिवस या चारपैकी एका आकड्यात बसतो. अकुशल कैद्याला ५३ रुपये, अर्धकुशलाला ६७, कुशलाला ७४ आणि खुल्या कारागृहात असलेल्याला ९४. राज्याच्या कारागृह विभागाने ऑगस्ट २०२३ मध्ये हे दर लागू केले. त्याआधी ते अनुक्रमे ४८, ६१, ६७ आणि ८५ होते. म्हणजे वाढ साधारण दहा टक्क्यांची. भिंतीबाहेर, जेल रोडपासून हाकेच्या अंतरावर, कॉमर्झोनसारख्या आयटी पार्कमध्येही वार्षिक पगारवाढीच्या पत्रात बहुधा असाच काहीसा आकडा असतो. टक्केवारीपुरतं भिंतीच्या आतबाहेर फारसं अंतर नाही. अंतर आहे ते टक्केवारी कशावर काढायची, यात.

कामाच्या ठिकाणी गट कसा बांधावा, माणसं कामाला कशी लागावीत, यावर पुण्यात दर आठवड्याला कुठे ना कुठे कार्यशाळा भरते. पण या विषयाची येरवड्यातली सगळ्यात अवघड कसोटी कारागृहाच्या कारखान्यात लागते. तिथल्या प्रमुखाची अवस्था बघा. माणसं त्याने निवडलेली नाहीत, न्यायालयाने पाठवलेली आहेत. कामचुकाराला ‘उद्यापासून येऊ नकोस’ असं सांगता येत नाही; उलट तोच तर त्या माणसाचा आनंद ठरेल. पगार मंत्रालयातून ठरतो. सगळ्यात चांगला कारागीर ज्या दिवशी हाताशी तयार होतो, त्याच्या थोड्याच दिवसांनी तो सुटतो. तरीही तिथे माग चालतात, सुतारकाम होतं, शिवणकाम होतं, आणि सतरंज्या, टॉवेल, फर्निचर कारागृहाच्या विक्री केंद्रात पुणेकर जाऊन विकत घेतात. हे कशावर चालतं?

सक्तमजुरीची शिक्षा आहे, म्हणून काम करतात, हे पहिलं उत्तर. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. सक्ती माणसाला मागावर बसवू शकते. धागा तुटला की तो उठून नीट जोडेल, याची हमी देऊ शकत नाही. तिथे दुसरं काहीतरी लागतं, आणि ते काय आहे हे शोधायला आधी पैशांचा हिशेब पुरा करू.

महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर कुशल कैद्याची मजुरी १,९२४ रुपये होते, अकुशलाची १,३७८. याच वर्षी, म्हणजे २०२३-२४ मध्ये, महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर दिवसाला २७३ रुपये मिळत होते. खडी फोडणाऱ्या, बांध घालणाऱ्या मजुराच्या तुलनेत कारागृहातला कुशल विणकर २७ टक्क्यांवर. सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर १९९८ रोजी गुजरातच्या खटल्यात सांगितलं होतं की सक्तमजुरीच्या कैद्याला रास्त मोबदला मिळालाच पाहिजे, आणि त्याचा काही हिस्सा गुन्ह्याची झळ पोचलेल्यांसाठी बाजूला काढावा. अन्न, वस्त्र, निवारा सरकार देतं, तो खर्च वजा करता येईल, असंही त्यात आहे. ती वजाबाकी धरूनही ७४ या आकड्याला ‘रास्त’ म्हणायला जीभ अडखळते. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांच्या कारखान्यांत तासाला २३ सेंट ते एक डॉलर १५ सेंट मिळतात, तेव्हा या बाबतीत आपण एकटे नाही, एवढंच म्हणता येईल.

मग दुसरा पगार बघू. तो रुपयांत नसतो.

कारागृहात त्याला ‘माफी’ म्हणतात. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे बंदिस्त कारागृहातल्या पक्क्या कैद्याला शिस्तीने वागल्याबद्दल महिन्याला तीन दिवस आणि नेमून दिलेलं काम केल्याबद्दल चार दिवस शिक्षेतून वजा मिळतात. एकूण सात. वर्षाचे ८४. विशेष कामगिरीची आणि वर्षभर कोऱ्या नोंदीची माफी वेगळी. आता या सात दिवसांची किंमत काढू. सुटलेला माणूस बाहेर जाऊन निदान रोजगार हमीवर तरी काम करेल, असं धरलं तर २०२३-२४ च्या दराने सात दिवसांचे १,९११ रुपये होतात. कुशल कैद्याची महिन्याची मजुरी १,९२४. फरक १३ रुपयांचा! म्हणजे कारागृह त्याला दोन पगार देतं आणि ते दोन्ही जवळपास सारखे आहेत. अकुशल कैद्याच्या बाबतीत तर दिवसांचा पगार रुपयांपेक्षा ५३३ रुपयांनी मोठा भरतो. पुढच्या वर्षी हमीचा दर २९७ झाला, तेव्हा कुशलाच्याही पारड्यात दिवस जड झाले: २,०७९ रुपये.

हा हिशेब अर्थातच कोरडा आहे. घरी काढलेल्या एका दिवसाची किंमत २९७ रुपये कोण धरेल? पोराच्या दहावीच्या निकालाचा दिवस, आईच्या शेवटच्या आजारपणातला दिवस. पण किमान किंमत काढली तरी ती मजुरीच्या बरोबरीने येते, म्हणजे खरी किंमत तिच्या कितीतरी पुढे असणार. म्हणून बराकीत मजुरी किती झाली याची चर्चा होते ती कॅन्टीनपुरती, आणि माफी किती झाली याची चर्चा होते ती रोज.

पाच वर्षांची शिक्षा घ्या. दिवस १,८२६. दर वर्षाला ८४ दिवस सुटत गेले तर प्रत्यक्षात भरावे लागतात सुमारे १,४८४. जवळपास ११ महिने वाचतात. नियमांतला हा दर प्रत्यक्षात उतरतो का, हे तपासायला येरवड्यातलंच एक गाजलेलं उदाहरण आहे. अभिनेता संजय दत्त १६ मे २०१३ रोजी शरण आला आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी येरवड्यातून बाहेर पडला. मधले दिवस १,०१५. राज्य सरकारने उच्च न्यायालयाला सांगितलेली त्याची माफी २५६ दिवसांची. गुणोत्तर २५ टक्के. महिन्याला सातचा दर म्हणजे २३ टक्के. वरचे दोन विशेष माफीचे म्हणून सोडून द्या. त्याच्या रजांवरून बराच गदारोळ झाला होता आणि तो अगदीच निराधार नव्हता, पण निव्वळ माफीचा आकडा नियमाच्या आसपासच राहतो. कागदी पिशव्या करून त्याच्या हातात सुटताना उरले ४४० रुपये. बाकीची मजुरी आतच खर्चली होती. ४४० रुपये वर्तमानपत्रांच्या मथळ्यात गेले. २५६ दिवस ही त्याची खरी कमाई होती.

येरवड्याच्या रचनेत मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतो तो वरच्या चार दरांमधला फरक. अकुशलापासून कुशलापर्यंत पोचायचं तर हातात कसब यावं लागतं. त्यात वर्षं जातात. त्याचं बक्षीस दिवसाला २१ रुपये. कुशल कैदी खुल्या कारागृहात गेला तर आणखी २० रुपये. तिथे जाण्यासाठी नवं कसब लागत नाही. लागते ती स्वच्छ नोंद, शिक्षेचा भरलेला ठरावीक हिस्सा, आणि ‘हा पळणार नाही’ असं निवड समितीला वाटणं. म्हणजे कारागृहाने कसबाला आणि भरवशाला जवळजवळ एकच भाव लावला आहे. निदान रुपयांत. दिवसांत मात्र भाव एकदम बदलतो. खुल्या कारागृहात महिन्याला सात नव्हे, तीस दिवस माफी मिळते. एक दिवस काढला की दोन दिवस मोजले जातात. रोजगार हमीच्या जुन्या दराने त्या तीस दिवसांचे ८,१९० रुपये होतात आणि मजुरीचे २,४४४. इथे दुसरा पगार पहिल्याच्या सव्वातीनपट.

जगात हे गुणोत्तर किती असतं? ब्राझीलच्या कायद्यात तीन दिवसांच्या कामाला एक दिवस माफी आहे. पुस्तक वाचून त्यावर लिहिलं तर पुस्तकामागे चार दिवस, वर्षाला बारा पुस्तकांपर्यंत. आपल्या बंदिस्त कारागृहात २६ दिवसांच्या कामाला चार, म्हणजे साडेसहा दिवसांना एक. ब्राझीलच्या निम्म्याहून कमी. पण आपल्या खुल्या कारागृहाचा दर ब्राझीलच्याही तिप्पट आहे. उदार आणि कंजूष अशा दोन वेगवेगळ्या व्यवस्था एकाच विभागात, येरवड्यात तर एकाच परिसरात नांदतात, आणि त्यांच्या मधे उभी असते फक्त भरवशाची परीक्षा. जो बंदिस्त बाजूला मागावर बसला आहे त्याला पलीकडची बाजू माहीत आहे. माझ्या मते कारखान्यातली शिस्त आणि उत्पादन यांचं निम्मं श्रेय या माहितीला जातं.

भरवशावर माणसं चालवण्याचा हा प्रयोग महाराष्ट्रात येरवड्याच्या खुल्या कारागृहाहून जुना आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मूळचे पोलंडचे मॉरिस फ्रीडमन, म्हणजेच भारतानंद, यांची कल्पना आणि भवानराव पंतप्रतिनिधींचा पाठिंबा. खुनाच्या गुन्ह्यातले कैदी बेड्यांवाचून शेती करू लागले. गदिमांचं बालपण त्याच माणदेशातलं. त्यांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. शीर्षकातच आकडे आहेत: एक अधिकारी, सहा कैदी. व्यवस्थापनाच्या पुस्तकात एका प्रमुखाच्या हाताखाली किती माणसं असावीत याची लांबलचक चर्चा असते. चित्रपटाने सहा हा आकडा घेतला आणि त्या सहांनाही सांभाळताना जेलर पुरता दमतो.

येरवड्यातली संख्या सहा नाही. १८७१ मध्ये सुरू झालेल्या, ५१२ एकरांवर पसरलेल्या या कारागृहाची अधिकृत क्षमता २,४४९ आणि गेल्या काही वर्षांत आतली माणसं सहा-सात हजारांच्या घरात. म्हणून कारागृहात जुन्या काळापासून कैद्यांमधूनच वॉर्डर आणि रात्रीचे पहारेकरी नेमण्याची पद्धत आहे. त्यांना माफी जास्त मिळते. आपल्यातल्याच एकाला चार दिवस अधिक देऊन बाकीच्यांवर देखरेखीला बसवायचं, ही जगातल्या प्रत्येक कारखान्याची आणि कार्यालयाची जुनी युक्ती. तिच्यात सोयही आहे आणि जुलमाची शक्यताही. ज्याच्या हातात दुसऱ्याच्या माफीची शिफारस, त्याच्याशी कोण भांडणार?

इथवर गणित छान जुळतं. अडतं ते जन्मठेपेपाशी. ज्याच्या शिक्षेला शेवटची तारीखच नाही, त्याच्यासाठी महिन्याचे सात दिवस कशातून वजा करायचे?

या प्रश्नावरचा देशातला पायाभूत निकाल पुण्याच्याच माणसाच्या खटल्यातला आहे: गोपाळ विनायक गोडसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९६१. गांधीहत्येच्या खटल्यात १० फेब्रुवारी १९४९ रोजी त्याला जन्मठेप झाली. १९६० पर्यंत त्याच्या नावावर जमलेल्या माफीचा तपशील निकालपत्रात आहे, आणि आकडेवारी म्हणून तो वाचण्यासारखा आहे. नेहमीची माफी ८३६ दिवस. विशेष माफी २०६. शारीरिक प्रशिक्षणासाठी ११३. वाङ्मयीन, म्हणजे अभ्यासासाठी, १०८. वार्षिक सद्वर्तनाची २५०. आणि राज्य सरकारने दिलेली १,३८०. बेरीज २,८९३ दिवस, जवळजवळ आठ वर्षं. न्यायालयाने सांगितलं की जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. माफीची बेरीज कितीही झाली तरी सरकारने स्वतंत्र आदेश काढल्याशिवाय सुटकेचा हक्क निर्माण होत नाही.

त्या बेरजेत डोकावलं की आणखी एक गोष्ट दिसते. २,८९३ पैकी १,३८०, म्हणजे ४८ टक्के दिवस सरकारच्या मर्जीचे. कैद्याने काम केलं, कवायत केली, अभ्यास केला, नियम पाळले, या सगळ्याचे मिळून ५२ टक्के. बाहेरच्या भाषेत सांगायचं तर निम्मं बक्षीस कामाचं आणि निम्मं दिवाळी बोनसचं. बोनस कुणाला नको असतो? पण बोनसने माणूस खूश होतो, कामाला लागत नाही. कारण तो शेजारच्या आळशालाही तेवढाच मिळालेला असतो. पुढे १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३-अ आलं आणि ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकली असती अशा गुन्ह्यातल्या जन्मठेपेला किमान १४ वर्षं प्रत्यक्ष भरण्याची अट पडली. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७५ मध्ये आहे. पहिली चौदा वर्षं माफीचा आकडा वहीत वाढत राहतो, दारापर्यंत नेत नाही.

तरीही अनुभवी जेल अधिकारी सांगतात ते हेच की कारखान्यातले सर्वांत भरवशाचे हात जन्मठेपवाल्यांचे असतात. याचं कारण रुपये नव्हे आणि पहिल्या चौदा वर्षांत दिवसही नव्हेत. मागावर बसलेला माणूस दहा वर्षांत उस्ताद होतो, नव्याला शिकवू लागतो, साहेब त्याला विचारून सूत मागवतो. अभिवचन रजा (पॅरोल) आणि संचित रजा (फर्लो) वेळेवर मिळतात, कारण मागच्या वेळी तो वेळेवर परत आलेला असतो.

मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पिट्सबर्ग परिसरातल्या २०३ अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना विचारलं होतं की कामावर केव्हा फार बरं वाटलं आणि केव्हा फार वाईट. पगार, साहेबाची कटकट, कामाची जागा या गोष्टी वाईटाच्या यादीत जास्त आल्या. केलेल्या कामाचं समाधान, त्याची दखल, जबाबदारी या गोष्टी चांगल्याच्या यादीत. या संशोधनावर पुढे पुष्कळ टीका झाली, आणि ती टीका वाचूनही मला वाटतं की कारागृहाइतकी त्याची स्वच्छ परीक्षा दुसरीकडे कुठे होत नसेल. इथे पगार सगळ्यांचा सारखाच तुटपुंजा, जागा सगळ्यांची सारखीच कोंदट. उरतं ते हर्झबर्गच्या दुसऱ्या यादीतलं.

याची जुनी साक्ष येरवड्यातच आहे. १८ मार्च १९२२ रोजी गांधींना सहा वर्षांची शिक्षा झाली ती साधी कैद होती. काम करण्याची सक्ती नव्हती. तरी येरवड्यात ते रोज तासन्‌तास कातत आणि पिंजत होते, १२ जानेवारी १९२४ रोजी ससूनमध्ये आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया होईपर्यंत. ‘येरवडा चरखा’ हे पेटीत मावणाऱ्या चरख्याचं नाव त्यांच्या इथल्याच नंतरच्या कारावासातून आलं. नेमून दिलेलं काम नाही, मजुरी नाही, माफीसाठी धडपड नाही, तरी उपकरण सुधारण्याची खटपट चालू. अर्थात प्रत्येक गटात एक गांधी बसवून उत्पादन वाढवण्याची योजना कुणी आखू नये.

भिंतीबाहेरचे आकडे आता बघू. गॅलप संस्थेच्या २०२४ च्या जागतिक पाहणीत मनापासून काम करणारे कर्मचारी २१ टक्के निघाले. आदल्या वर्षी ते २३ होते. याच संस्थेचं दुसरं अनुमान असं की वेगवेगळ्या गटांच्या उत्साहात जो फरक दिसतो, त्यातला ७० टक्के फरक त्या गटाच्या प्रमुखाशी जोडलेला असतो. कंपनी एकच, पगाराची पट्टी एकच, उपाहारगृह एकच, आणि एका मजल्यावरचा गट राबतो तर दुसऱ्या मजल्यावरचा घड्याळ बघतो. गूगलने आपल्या १८० गटांचा अभ्यास केला तेव्हाही हुशार माणसांची बेरीज करून चांगला गट बनत नाही असंच आढळलं. ‘मला समजलं नाही’ हे ज्या गटात बिनधास्त म्हणता येतं, तो गट पुढे गेला.

आणि आपल्याकडे या चर्चेचा रोख कुठे आहे? तासांवर. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाचे नऊ तास ठरले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने ते दहा करायला मंजुरी दिली, आणि तिमाहीतल्या जादा कामाची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर न्यायला. उत्पादकता वाढवण्याचा हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात निरस मार्ग. कारागृहात निदान एवढं तरी उघड आहे की कुणाचा किती वेळ घेतला आणि त्याबदल्यात किती वेळ परत दिला, याची वही असते. आयटी पार्कमध्ये रात्री साडेनऊला ‘जरा एक कॉल घेऊ या’ म्हणणाऱ्या साहेबाकडे तशी वही नसते.

पण येरवड्याच्या वहीत ज्यांची नावंच नाहीत, त्यांची संख्या मोठी आहे. नवे दर आले तेव्हा राज्यभरात सुमारे सात हजार कैदी मजुरीच्या कामावर होते. राज्यातल्या कैद्यांची संख्या तेव्हा चाळीस हजारांवर. सहातला एक. बाकी पाच रिकामे का? कारण देशातल्या तुरुंगांत २०२२ अखेर ७५.८ टक्के माणसं कच्चे कैदी होती. त्यांचा खटला चालू आहे, त्यांना कामाची सक्ती करता येत नाही आणि जी शिक्षा अजून झालेलीच नाही तिच्यातून माफी तरी कशी वजा करणार? म्हणजे दोन्ही पगार बंद. तीन-तीन, चार-चार वर्षं हातपाय धड असलेली माणसं बराकीत बसून असतात. उत्पादकतेचं एवढं मोठं नुकसान कुठल्याही कारखान्याचा मालक सहन करणार नाही. पण याचा कारखाना कारागृहात नाही, न्यायालयात आहे, आणि तिथली गती जेलच्या साहेबाच्या हातात नाही.

जे काम आहे ते कुणाला मिळतं, हा त्याहून बोचरा प्रश्न. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने, अनेक राज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत जातीवर बेतलेली जी कामाची वाटणी होती, म्हणजे स्वयंपाक कुणी करायचा आणि संडास कुणी साफ करायचे, ती घटनाबाह्य ठरवली. नियमावल्या दुरुस्त करायला तीन महिने दिले आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. कसबाचे २१ रुपये मिळवायचे तर आधी माग मिळावा लागतो. ज्याला जन्मावरून झाडू मिळाला, तो ५३ वरच राहिला, आणि त्याची माफी जरी तेवढीच भरली तरी हातात शिकलेलं काही घेऊन तो बाहेर पडला नाही.

काम नसलेल्या वेळात काय होऊ शकतं, याचं एक उदाहरण मात्र येरवड्यानेच दिलं. इंडियन ऑइलच्या ‘परिवर्तन’ उपक्रमात इथे बुद्धिबळ शिकवायला सुरुवात झाली. ग्रँडमास्टर अभिजित कुंटे त्याच्याशी जोडलेले होते. कैद्यांसाठीच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत येरवड्याच्या संघाने २०२२ मध्ये कांस्य मिळवलं आणि २०२३ मध्ये सुवर्ण. एका वर्षात तिसऱ्यावरून पहिल्यावर. या गटाची निवड जात, गुन्हा, शिक्षेची मुदत यांवर झाली नव्हती. पटावर कोण जिंकतो यावर झाली. सरावाला वेळ होता, शिकवणारा खरा जाणकार होता, आणि समोर दुसऱ्या देशाचा संघ होता.

शेवटचा आकडा कर्जाचा. १ मे २०२२ रोजी महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात ‘जिव्हाळा’ योजना सुरू केली. कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही, परतफेड मजुरीतून. सुरुवातीला १,०५५ कैद्यांना ते मिळू शकेल असा अंदाज होता. घरचं आजारपण, वकिलाची फी, मुलांचं शिक्षण यांसाठी आतून बाहेर पैसे पाठवण्याची ही सोय. ज्याला इतकी वर्षं घरून मनीऑर्डर यायची, तोच आता घरी पाठवणारा झाला. या योजनेने मजुरीच्या त्या किरकोळ आकड्याला पहिल्यांदा वजन आलं, कारण रोज कामावर हजर राहणं हीच आता पत झाली.

पण तेव्हाच्या ६७ रुपये दराने कुशल कैद्याची महिन्याची मजुरी १,७४२ होती. ती सगळीच्या सगळी हप्त्यात घातली तरी ५० हजार फिटायला ३२ महिने लागतात. वरच्या उदाहरणातला पाच वर्षांचा कैदी माफी मिळवत ४९ महिन्यांत बाहेर पडणार. त्याने दीड वर्ष झाल्यावर पूर्ण कर्ज मागितलं तर हातात उरतात ३१ महिने. म्हणून कर्जाची रक्कम ठरवताना बँक उरलेली शिक्षा बघते आणि तीत मिळू शकणारी माफीही आधीच वजा करते. जितका कामसू कैदी, तितके त्याचे हप्ते कमी आणि तितकं त्याचं कर्ज लहान.